आधी विजेचा आणि उष्णतेचा हिशेब मागा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली.



दरवर्षी अर्थसंकल्पानंतर संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या आपल्या समितीपुढे येतात. येत्या काही वर्षांत त्यांत एका नव्या मागणीची भर पडेल, असे मला वाटते. ती असेल अंतराळात ठेवायच्या लेझर अस्त्राची. मागणी येण्याआधीच तिची तपासणी कशी करावी हे ठरलेले असावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी विद्युत अभियंता आहे आणि माझे म्हणणे माझ्या विषयापुरतेच आहे: अशा अस्त्राला वीज कुठून मिळेल, आणि ती वापरल्यावर मागे उरणारी उष्णता कुठे जाईल?

हा विषय आज काढण्याला कारण आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातल्या कर्नूल येथे डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझर अस्त्राची यशस्वी चाचणी केली. काही किलोमीटरवरचे ड्रोन त्या झोताने पाडले. हे यश मोठे आहे, आणि हैदराबादच्या ‘चेस’ प्रयोगशाळेतल्या ज्या शास्त्रज्ञांनी ते मिळवले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या वेळी डीआरडीओच्या अध्यक्षांनी ‘स्टार वॉर्स’ क्षमतेचा उल्लेख केला. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ ही हवाई संरक्षणाची योजना जाहीर केली, आणि आठच दिवसांत ओडिशाच्या किनाऱ्यावर झालेल्या एकात्मिक हवाई संरक्षण चाचणीत लेझरचाही समावेश होता. अमेरिकेने मे २०२५ मध्ये ‘गोल्डन डोम’ या क्षेपणास्त्ररोधी कवचासाठी १७५ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला आणि अंतराळातून क्षेपणास्त्रे पाडण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. अशा वातावरणात ‘जमिनीवर जमले, आता अंतराळात’ हा विचार सहज पुढे येईल. या दोन पायऱ्यांमध्ये भौतिकशास्त्राने केवढे अंतर ठेवले आहे, हे समितीसमोर आकड्यांत असायला हवे.

जमिनीवरच्या लेझरचे आधी पाहू. ३० किलोवॉटचा प्रकाश हवा असेल तर साधारण १०० किलोवॉट वीज लागते, कारण आजचे चांगले फायबर लेझरही दिलेल्या विजेच्या एक तृतीयांशाच्या आसपासच प्रकाश देतात. १०० किलोवॉटसाठी ट्रकवरचा डिझेल जनरेटर पुरतो. उरलेल्या ७० किलोवॉट उष्णतेला पंखे आणि पाण्याचा फेरा बाहेरच्या हवेत सोडून देतात. इंधन संपले की टँकर येतो. म्हणजे वीज आणि थंडावा या दोन्हींची सोय जमिनीवर हाताशी असते. अंतराळात इंधनाचा टँकर नाही, आणि उष्णता वाहून नेणारी हवाही नाही.

आता अंतराळातल्या अस्त्राचा हिशेब मांडतो. तो वही-पेनाने तपासता येईल असाच ठेवला आहे. समजा, ५०० किलोमीटर उंचीवर एक उपग्रह आहे. त्यावर १ मेगावॉटचा लेझर आहे, प्रकाशाची तरंगलांबी १ मायक्रॉन आहे आणि झोत फेकणारा आरसा ४ मीटर व्यासाचा आहे. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तेव्हा ४ मीटर हा आधीच धाडसी आकडा आहे. १००० किलोमीटरवरच्या क्षेपणास्त्रावर हा झोत पडतो तेव्हा प्रकाशाच्या विवर्तनामुळे त्याचा ठिपका सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचा होतो. आरसा निर्दोष असला आणि नेम अजिबात हलला नाही, तरी तो याहून लहान होऊ शकत नाही. या ठिपक्यात दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३०० वॉट पोहोचतात.

क्षेपणास्त्राचे कवच फोडायला किती ऊर्जा लागते? पातळ पत्र्याच्या द्रव-इंधन क्षेपणास्त्रासाठी दर चौरस सेंटिमीटरला १ किलोज्यूलच्या आसपास आणि मुद्दाम मजबूत केलेल्यासाठी १० किलोज्यूल किंवा अधिक, असे आकडे या विषयातल्या विश्लेषणांत धरले जातात. शत्रूला आपले अस्त्र माहीत असेल तर तो कवच मजबूत करणारच, म्हणून दुसरा आकडा घेऊ. ३०० वॉटच्या दराने १० किलोज्यूल साठायला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे एका वाराला ३० मेगाज्यूल प्रकाश. त्यासाठी ९० मेगाज्यूल वीज, आणि त्यातून मागे उरलेली ६० मेगाज्यूल उष्णता.

९० मेगाज्यूल म्हणजे आपल्या वीजबिलातली २५ युनिट. एखाद्या साध्या इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीत एवढी ऊर्जा मावते. लेझर अस्त्राच्या समर्थकांनी हा आकडा पुढे केला तर तो खराच असेल, आणि समितीने तो मान्यही करावा. अंतराळातून एक वार करण्याइतकी ऊर्जा साठवणे अशक्य नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते.

पहिली अडचण वेगाची आहे. २५ युनिट अर्ध्या मिनिटात बाहेर काढायची म्हणजे ३ मेगावॉटचा प्रवाह. लिथियम-आयन बॅटरी तिच्या क्षमतेच्या दहापट दराने रिकामी होऊ शकते असे धरले, तरी ३०० युनिट क्षमतेची बॅटरी लागेल. किलोमागे १५० वॉट-तास धरले तर तिचे वजन २ टन भरते. कपॅसिटर किंवा फ्लायव्हील वापरले तर प्रवाह सहज मिळतो, पण त्यांत दर किलोमागे साठणारी ऊर्जा बॅटरीपेक्षा खूपच कमी असते.

दुसरी अडचण लेझरच्या वजनाची. अमेरिकेच्या डार्पा संस्थेने ‘हेलॅड्स’ या प्रकल्पात दर किलोवॉटमागे ५ किलोचे उद्दिष्ट ठेवले होते आणि ते महत्त्वाकांक्षी मानले गेले. त्याच दराने १ मेगावॉटचा लेझर ५ टनांचा होतो. त्यात २ टनांची बॅटरी, ४ मीटरचा आरसा, सौर पंख, शीतकरण आणि उपग्रहाचा सांगाडा मिळवला की एकूण वजन १० टनांच्या पुढे जाते. आपले आजचे सर्वांत ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे ८ टन नेते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेले ३० टन क्षमतेचे नव्या पिढीचे रॉकेट तयार होईपर्यंत असा एक उपग्रहही आपल्याला एका उड्डाणात नेता येणार नाही.

तिसरी अडचण पुन्हा चार्ज करण्याची. कक्षेतला उपग्रह दीड तासात पृथ्वीची फेरी करतो आणि त्यातला साधारण अर्ध्या तासाहून अधिक काळ पृथ्वीच्या सावलीत जातो. उरलेल्या तासाभरात २५ युनिट भरायची तर गळती धरून सुमारे ३० किलोवॉटचे सौर पंख हवेत. इस्रोचा जीसॅट-११ हा आपल्या सर्वांत मोठ्या संदेशवहन उपग्रहांपैकी एक आहे. त्याची वीजनिर्मिती सुमारे १३ किलोवॉट आहे. म्हणजे दर फेरीला एक वार करायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वीज लागेल. हेही करता येण्यासारखे आहे. एक उपग्रह, दीड तास, एक वार: इथपर्यंतचा हिशेब जुळतो.

युद्धात मात्र क्षेपणास्त्रे एकेक करून, दीड-दीड तासाच्या अंतराने येत नाहीत. एकाच वेळी २० क्षेपणास्त्रे सुटली तर ५०० युनिट वीज आणि १२०० मेगाज्यूल उष्णता असा हिशेब होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४२० टनांचे आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढे पसरलेले आहे आणि उभारायला दशकाहून अधिक काळ लागला. त्याच्या सौर पंखांची सरासरी वीज १०० किलोवॉटच्या आसपास धरली, तर एवढी ऊर्जा भरायला त्याची सगळी वीज पाच तास खर्ची पडेल. इकडे वेळ मोजका. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे इंजिन तीन ते पाच मिनिटे जळते, आणि आपल्या शेजाऱ्यांकडच्या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचे त्याहून लवकर थांबते. प्रत्येकावर अर्धा मिनिट झोत धरायचा तर तीन मिनिटांत एका उपग्रहाला जास्तीत जास्त सहा लक्ष्ये मिळतात.

शिवाय तो उपग्रह त्या क्षणी तिथे असावा लागतो. ५०० किलोमीटर उंचीवरून १००० किलोमीटर पल्ल्याचा उपग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी भागावर मारा करू शकतो. उपग्रह सगळीकडे सारखे विखुरले तर एका जागेवर सतत एक असण्यासाठी दोनशेहून अधिक उपग्रह लागतील. कक्षेचा कल विचारपूर्वक निवडला तर हा आकडा खाली येईल, पण शंभराच्या आसपास राहीलच. एवढा ताफा उभारल्यावर माऱ्याच्या जागी असेल एक उपग्रह, आणि दर फेरीला भरून मिळणारा त्याचा एक वार. दर फेरीला अधिक वार हवे असतील तर प्रत्येक उपग्रहाचे पंख, शीतकरण आणि त्यांचे वजन त्याच पटीत वाढवावे लागेल. शत्रूला मात्र आणखी एक क्षेपणास्त्र बनवणे पुरते.

आता उष्णता. या विषयावरच्या चर्चेत ती शेवटी येते किंवा येतच नाही, म्हणून मी तिच्यावर थोडे अधिक थांबतो. निर्वात पोकळीत उष्णता फक्त प्रारणाने बाहेर पडते. खोलीच्या तापमानाला असलेला रेडिएटर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला सुमारे ८०० वॉट फेकू शकतो. आपला १ मेगावॉटचा लेझर चालू असताना २ मेगावॉट उष्णता तयार करतो. ती तयार होईल तशी बाहेर टाकायची तर सुमारे २५०० चौरस मीटरचा रेडिएटर हवा. अंतराळ स्थानकाच्या बाहेर जे अमोनियाचे शीतकरण आहे, त्याची क्षमता सुमारे ७० किलोवॉट आहे. आपली गरज त्याच्या जवळपास तीसपट आहे.

रेडिएटर अधिक तापवला तर तो लहान करता येतो, कारण प्रारण तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. तापमान ३०० केल्व्हिनवरून ४०० वर नेले तर तिपटीहून अधिक उष्णता बाहेर पडते. पण लेझरला ऊर्जा पुरवणारे अर्धवाहक डायोड गरम झाले की त्यांची कार्यक्षमता घसरते, तरंगलांबी सरकते आणि आयुष्य कमी होते. त्यांना खोलीच्या तापमानाजवळच ठेवावे लागते. रेडिएटर तेवढा गरम करायचा तर उष्णता वर उपसणारा पंप हवा, आणि तो पंप पुन्हा वीज खातो.

दुसरा मार्ग उष्णता साठवण्याचा आहे. ६० मेगाज्यूल उष्णता शोषायला सुमारे १८० किलो बर्फ वितळवावा लागेल. नंतर पुढच्या फेरीत तो हळूहळू पुन्हा गोठवता येईल, आणि त्यासाठी लागणारा रेडिएटर बराच लहान असेल. किंवा २५ किलोच्या आसपास पाणी उकळून वाफ बाहेर सोडता येईल, पण ते पाणी परत मिळणार नाही, आणि उपग्रहाजवळची वाफ आरशाला आणि झोताला त्रासदायक ठरेल. इथेही निष्कर्ष तोच निघतो. एका वाराची उष्णता पचवता येते. वीस वारांची पचवायची तर साडेतीन टन बर्फ आणि त्याचे वेष्टन सोबत न्यावे लागेल.

सौर ऊर्जेऐवजी अणुभट्टी का नको, असा प्रश्न समितीत नक्की येईल. अमेरिकेने ३ एप्रिल १९६५ रोजी ‘स्नॅप-१०ए’ ही अणुभट्टी कक्षेत पाठवली. ती सुमारे ५०० वॉट वीज देत होती आणि ४३ दिवस चालली. अमेरिकेने त्यानंतर दुसरी अणुभट्टी कक्षेत पाठवलेली नाही. सोव्हिएत संघाने समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या तीसहून अधिक उपग्रहांत अणुभट्ट्या बसवल्या, पण त्यांची वीज काही किलोवॉटच होती. त्यातला ‘कॉसमॉस ९५४’ २४ जानेवारी १९७८ रोजी कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे विखुरले. १९८० च्या दशकात, ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्ररोधी योजनेच्या काळात, अमेरिकेने १०० किलोवॉटच्या ‘एसपी-१००’ अणुभट्टीचे काम सुरू केले. सुमारे दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, ते उड्डाणाविना बंद झाले. २०२५ मध्ये नासाने २०३० पर्यंत चंद्रावर १०० किलोवॉटची अणुभट्टी नेण्याचे लक्ष्य ठेवले, आणि एवढ्या अनुभवी संस्थेसाठीही ते अवघड आहे. अणुभट्टीने वीज मिळेल, पण लेझरची उष्णता तशीच राहील आणि अणुभट्टीच्या स्वतःच्या उष्णतेची तीत भर पडेल.

रासायनिक लेझरने विजेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्यात इंधन जाळूनच प्रकाश तयार होतो आणि बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. अमेरिकेचा ‘अल्फा’ हा मेगावॉट श्रेणीचा हायड्रोजन फ्लोराइड लेझर १९९० च्या आसपास जमिनीवरच्या निर्वात कक्षात चालला. पण त्याची तरंगलांबी सुमारे २.७ मायक्रॉन, म्हणून तेवढ्याच ठिपक्यासाठी आरसा पावणेतीनपट मोठा हवा. आणि प्रत्येक वाराला इंधन संपते, तेव्हा कक्षेत टाक्या भरायला पुन्हा रॉकेट पाठवावे लागते. अंतराळ लेझरचा अमेरिकी चाचणी कार्यक्रम २०१२ च्या सुमारास उड्डाण करणार होता, पण २००२ मध्येच तो गुंडाळला गेला. बोइंग ७४७ मध्ये बसवलेल्या रासायनिक लेझरने ११ फेब्रुवारी २०१० रोजी उड्डाणातले क्षेपणास्त्र खरोखर पाडले. तरीही पाच अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाल्यावर डिसेंबर २०११ मध्ये तो प्रकल्प बंद करण्यात आला. शत्रूच्या हद्दीबाहेरून मारा करायचा तर वीस ते तीसपट शक्तिमान लेझर लागेल, असे तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आधीच सांगितले होते. सोव्हिएत संघाचाही अनुभव असाच. १५ मे १९८७ रोजी त्यांनी लेझर अस्त्राची पूर्वतयारी म्हणून सुमारे ८० टनांचे ‘स्किफ-डीएम’ यान सोडले. दिशा चुकल्याने ते कक्षेत न पोहोचता प्रशांत महासागरात पडले. त्या यानावर चालू लेझर नव्हताच.

लेझर आणि वीज जमिनीवर ठेवायची आणि कक्षेत फक्त आरसा ठेवायचा, ही कल्पना मात्र विचार करण्यासारखी आहे. अमेरिकेने १९९० मध्ये कक्षेतल्या आरशावरून जमिनीवरचा कमी शक्तीचा झोत परावर्तित करून दाखवला. त्यात विजेची आणि उष्णतेची अडचण जमिनीवरच सुटते. पण वातावरण झोताला विस्कटते, आणि ढग तो अडवतात. आपल्या देशात पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. ढगांवर अवलंबून असलेले अस्त्र हे देशाच्या संरक्षणाचा कणा होऊ शकत नाही. संशोधनाचा विषय म्हणून ते जरूर चालू राहावे.

माननीय सदस्यहो, या साऱ्या प्रश्नांची नीट चिकित्सा चाळीस वर्षांपूर्वी झाली होती आणि तिच्या केंद्रस्थानी महाराष्ट्रात जन्मलेला एक शास्त्रज्ञ होता. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ‘स्टार वॉर्स’ची कल्पना मांडली. त्यानंतर अमेरिकन फिजिकल सोसायटीने निर्देशित ऊर्जा अस्त्रांचा अभ्यास करण्यासाठी एक गट नेमला. त्याचे दोन सहअध्यक्ष होते: नोबेल विजेते निकोलास ब्लूमबर्गेन आणि कुमार पटेल. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले, आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध लावला. कारखान्यांत धातू कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत हा लेझर आजही वापरला जातो. लेझरची ताकद त्यांच्याइतकी जवळून जाणणारी माणसे त्या वेळी जगात मोजकीच होती.

गटाला गुप्त माहितीही पाहू दिली गेली. सरकारी छाननीत काही महिने अडकल्यावर अहवाल एप्रिल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. ही अस्त्रे परिणामकारक ठरतील की नाही, याचा माहितीवर आधारलेला निर्णय घेण्यापुरते ज्ञान मिळवायलाच दहा वर्षे किंवा अधिक काळ कसून संशोधन करावे लागेल. रासायनिक लेझरची शक्ती निदान शंभरपट वाढवावी लागेल. आणि अंतराळातल्या अनेक मंचांना नुसते चालू स्थितीत ठेवण्यासाठीच, वार करण्याची ऊर्जा बाजूला ठेवूनही, अणुऊर्जेवरची वीज लागेल. एका लोकशाही देशात शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र संघटनेने सरकारच्या लाडक्या प्रकल्पाचा हिशेब उघडपणे मांडला. तो अहवाल आजही वाचला जातो. ज्या देशाने या विषयात जगात सर्वाधिक पैसा ओतला, त्याचा आज कक्षेत एकही क्षेपणास्त्ररोधी लेझर नाही. गोल्डन डोमच्या अंतराळातल्या भागातही मुख्य भर धडकून क्षेपणास्त्र पाडणाऱ्या इंटरसेप्टरवर आहे.

कमी शक्तीचा लेझर मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या देशाला खरा धोका तिथून आहे. उपग्रहाचे कवच फोडायला मेगावॉट लागतात, पण त्याचा कॅमेरा दिपवायला फारच कमी शक्ती पुरते. ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेने व्हाइट सँड्स येथून आपल्याच एका जुन्या उपग्रहावर लेझर सोडला. मोठा लेझर नीट चालला नाही, पण सोबतच्या किरकोळ शक्तीच्या लेझरनेही उपग्रहाच्या संवेदकाला तात्पुरते आंधळे करता येते, हे त्या चाचणीतून पुढे आले. असा लेझर चालवायला अणुभट्टी लागत नाही. एखादा लहान उपग्रहही तो सहज चालवू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ५२ पाळत उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली. सीमेवर आणि समुद्रावर आपली नजर त्यांच्यावरच अवलंबून राहणार आहे. त्या डोळ्यांना झडप, गाळणी आणि धोक्याची सूचना देणारा संवेदक आहे का, हा प्रश्न समितीने आजच विचारावा. अंतराळात मारा करणाऱ्या लेझरवर पहिला रुपया जाण्याआधी या संरक्षणाची तरतूद पूर्ण झालेली असावी.

एक शब्द धोरणाविषयी. १९६७ चा बाह्य अवकाश करार अण्वस्त्रे आणि इतर सामूहिक संहाराची अस्त्रे कक्षेत ठेवायला मनाई करतो, लेझरला नाही. भारत या करारात आहे. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ या उपग्रहविरोधी चाचणीनंतरही भारताने अंतराळाच्या शस्त्रीकरणाला आपला विरोध असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. ती चाचणी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, तुकडे लवकर खाली यावेत म्हणून विचारपूर्वक केलेली होती. स्वतःवर मर्यादा घालून घेणारा देश ही आपली ओळख मोलाची आहे. जे अस्त्र चालेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती सोडून देऊ नये.

म्हणून समितीकडे माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली: अंतराळातल्या कोणत्याही लेझर अस्त्राच्या प्रस्तावाबरोबर एका पानाचा ऊर्जा-हिशेब सक्तीचा करावा. त्यात दर वाराला लागणारी वीज, साठवणुकीचे साधन, एका भरण्यात होणारे वार, पुन्हा भरायला लागणारा वेळ, उष्णता बाहेर टाकण्याची पद्धत आणि रेडिएटरचे क्षेत्रफळ, उपग्रहाचे वजन आणि तो नेणारे रॉकेट, आणि सतत पहाऱ्यासाठी लागणाऱ्या उपग्रहांची संख्या असावी. यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही. हे भौतिकशास्त्र सगळ्या जगाला माहीत आहे.

दुसरी: अमेरिकेत १९८७ मध्ये झाला तसा स्वतंत्र अभ्यास भारतात व्हावा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र येथील लेझर, वीज आणि उष्णता-अभियांत्रिकीच्या जाणकारांना त्यात घ्यावे. अस्त्र बनवणारी संस्था आणि त्याची तपासणी करणारा गट एकच असू नये. अहवालाचा उघड करता येईल तेवढा भाग संसदेपुढे ठेवावा.

तिसरी: जिथे यश दिसते आहे तिथे हात आखडता घेऊ नये. जमिनीवर आणि जहाजांवर ड्रोनविरोधी लेझर आजच उपयोगी आहेत. त्यांना पैसा, कारखाने आणि कुशल माणसे द्यावीत. झपाट्याने रिकाम्या होणाऱ्या बॅटऱ्या, उच्च कार्यक्षमतेचे डायोड, हलके रेडिएटर आणि कक्षेतल्या लहान अणुऊर्जा स्रोतांचे संशोधन चालू ठेवावे. या गोष्टी अस्त्राशिवायही देशाच्या कामी येतील: अंतराळ स्थानकाला, चंद्रमोहिमेला, वीजवाहनांना. अंतराळातला लेझर उद्या खरोखर शक्य झाला, तर तो याच पायावर उभा राहील.

चौथी: आपल्या उपग्रहांना दिपवण्यापासून वाचवण्याची आणि कक्षेतल्या हालचालींवर नजर ठेवण्याची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी, म्हणजे तिचा पाठपुरावा करता येईल.

या चार मागण्यांसाठी कुठला नवा कायदा लागत नाही. समितीला आज असलेले अधिकार पुरेसे आहेत. देशाच्या संरक्षणासाठी लोक पैसा आनंदाने देतात, कारण तो योग्य ठिकाणी खर्च होईल असा त्यांचा आपल्यावर विश्वास असतो. आजच्या तंत्रज्ञानात अंतराळातून लेझरचा एक वार शक्य आहे, पण त्याने युद्ध लढणे शक्य नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने वीज, उष्णता आणि वजनाचे आकडे समितीपुढे मांडावेत. ते आकडे समितीच्या टेबलावर येईपर्यंत या अस्त्रासाठी निधीची शिफारस करू नये, ही आपणांस कळकळीची विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक विद्युत अभियंता